गाडी आपली आपण चालत असेल, तर ड्रायव्हरचं लक्ष टिकणार कशावर?

निळी_वही

माझी धाकटी बहीण मेट्रोची ड्रायव्हर आहे. काही महिन्यांपूर्वी तिच्या मार्गावरच्या गाड्या ऑटोमॅटिक मोडवर गेल्या. आधी हँडल तिच्या हातात असायचं. वेग किती घ्यायचा, कुठे पॉवर बंद करून गाडी नुसती धावू द्यायची, फलाट आला की कुठल्या खुणेला ब्रेक धरायचा, सगळं तीच ठरवायची. आता ती दारं बंद करते, सुरू करायची दोन बटणं एकदम दाबते आणि पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी स्वतः जाते, स्वतः थांबते. हिनं समोर बघत बसायचं.

आम्हा घरच्यांना वाटलं, चला, काम हलकं झालं. पण ती आधीपेक्षा जास्त दमून येते. परवा म्हणाली, "ताई, मधली दोन स्टेशनं कधी आली नि गेली, मला आठवतच नाही. झोपले नव्हते, डोळे उघडे होते. बटणंही मीच दाबली असणार." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

मी रेल्वेतली नाही, म्हणून इथे विचारते. तिचे सहकारी म्हणतात, लाल सिग्नलला यंत्रणा गाडी थांबवतेच, मग काळजी कसली? तसं असेल तर हिच्या लक्षाची गरज नेमकी कशासाठी उरली? आणि काहीच न करता माणूस एवढा थकतो कसा? तिला वरिष्ठांशी बोलायचं आहे. पण "लक्ष लागत नाही" असं म्हटलं की तिच्यातच खोट काढतील, अशी तिला भीती वाटते.

जुना_फूटप्लेट

ताई, आधी एक सांगतो, तुमच्या बहिणीत काही खोट नाही. मी आयुष्यभर गाडी चालवली आणि शेवटची वर्षं प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटरवर नव्या मुलांना शिकवलं. ती जे सांगते आहे ते मी तिथे काचेमागून पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि तेही चांगल्या, हुशार मुलांच्या बाबतीत.

हे काही आजचं दुखणं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाचे रडार बघणारे जवान पाळी सुरू झाल्यावर थोड्या वेळानं पडद्यावरच्या खुणा चुकवायला लागले. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यावर प्रयोग केले आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. घड्याळासारखी एक तबकडी, तिचा काटा टिकटिक करत एकेक पाऊल सरकतो आणि क्वचित कधीतरी एकदम दोन पावलं उडी मारतो. तेवढी उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. चांगल्या तब्येतीचे, नीट झोप झालेले तरुण पहिल्या अर्ध्या तासातच उड्या चुकवू लागले. तेव्हापासून हा निष्कर्ष वेगवेगळ्या कामांत पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत नुसतं टक लावून बसणं माणसाला जमत नाही, आणि जमवायला गेलं तर फार दमवतं. ते काम करताना मनावर ताण चढतो हे मोजून पाहिलेलं आहे. त्यामुळे "काहीच न करता थकते" हा तुमचा समज आधी बाजूला ठेवा. ती दिवसभर जबरदस्तीनं लक्ष धरून ठेवते आहे. हाताला काम असताना हे जोर लावून करावं लागत नाही.

हातानं गाडी चालवताना नेमकं काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की रूळ आहेत, वळवायचं काही नाही, मग चालवायचं ते काय? फलाटावर गाडी उभी करायची म्हणजे बऱ्याच आधीपासून मनात हिशेब सुरू असतो. गाडी भरलेली आहे की रिकामी, रूळ कोरडे की ओले, उतार आहे का, आज हा रेक ब्रेक कसा घेतो आहे. थोडा ब्रेक लावला की गाडी अंगाला जाणवते, कमरेखाली कळतं की पकडली की घसरते आहे. मग हात सुधारतो. प्रत्येक स्टेशन म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं लगेच मिळणारं उत्तर. या देवाणघेवाणीमुळे लक्ष जागं राहतं, त्यासाठी वेगळा प्रयत्न लागत नाही. मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याला कधी झोप येत नाही, ऐकणाऱ्याला येते. तुमच्या बहिणीला वाचणाऱ्याच्या जागेवरून उठवून ऐकणाऱ्यांत बसवलं आहे, आणि वर सांगितलं आहे की एखादा शब्द चुकला तर तत्क्षणी ओरडायचं.

स्वयंचलनाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत माणूस चालवतो, यंत्रणा वेगावर आणि सिग्नलवर पहारा ठेवते. दुसरीत गाडी स्वतः धावते आणि थांबते, पण कॅबमध्ये ड्रायव्हर असतो. तिसरीत कॅबमध्ये कुणी नसतं, गाडीत एखादा कर्मचारी असतो. चौथीत कुणीच नाही. तुमची बहीण दुसरीवर आहे. ही पायरी जुनीच, लंडनची व्हिक्टोरिया लाईन १९६८ मध्ये सुरू झाली ती अशीच. माझं स्पष्ट मत आहे की माणसाच्या दृष्टीनं चारांपैकी हीच सगळ्यात अवघड आहे. जबाबदारी पूर्वीइतकीच राहते आणि तिला धरून ठेवणारं काम तेवढं काढून घेतलं जातं.

आता लोक म्हणतील, त्यासाठी तर डेडमॅन आणि व्हिजिलन्सची उपकरणं आहेत. आहेत, आणि असायलाच हवीत. पण ती काय मोजतात ते बघा. डेडमॅन पेडल पायाचं वजन मोजतं, पाय उचलला की ब्रेक लागतो. ऑस्ट्रेलियात वॉटरफॉलजवळ ३१ जानेवारी २००३ ला ड्रायव्हरला चालत्या गाडीत हृदयविकाराचा झटका आला, आणि त्याच्या निश्चल पायाच्या भारानंच पेडल दाबलेलं राहिलं. गाडी भरधाव वळणावर जाऊन उलटली, त्याच्यासह ७ माणसं गेली. लंडनमध्ये क्रॉयडनच्या ट्रामचा अपघात ९ नोव्हेंबर २०१६ चा. २० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ट्राम ७३ च्या वेगानं शिरली, ७ प्रवासी दगावले. चौकशीत निघालेलं बहुधा कारण असं की आधीच्या सरळ, विशेष काही करावं न लागणाऱ्या टप्प्यात ड्रायव्हरचं भान हरपलं, कदाचित क्षणभर डोळा लागला. त्याचं सुरक्षा-उपकरण त्या सगळ्या वेळात काही बोललं नाही, कारण हात जागेवर होता. ती ट्राम काही स्वयंचलित नव्हती, पण हातात काम नसलेली काही सेकंदंसुद्धा काय करू शकतात ते त्यातून दिसतं.

ठराविक वेळानं बझर वाजवून बटण दाबायला लावणारी उपकरणं याच्यापुढची. पण माणूस त्यांनाही सरावतो. सिम्युलेटरच्या खोलीत माझ्यासमोर दोन पडदे असायचे, एकावर ड्रायव्हरचा चेहरा, दुसऱ्यावर त्याचा हात. नव्या मुलाचा हात बझर झाल्यावर हलायचा. सरावलेल्याचा बझर वाजायच्या आतच हलायचा, अगदी तालात, आणि पहिल्या पडद्यावर नजर कुठेतरी काचेपलीकडे विरघळलेली असायची. मी फलाटावर एखादी अडचण पेरून ठेवलेली असायची. बटण वेळेवर दाबलं जायचं आणि अडचण मागे जायची.

ब्रिटनमधल्या एडब्ल्यूएसमध्येही, म्हणजे पुढच्या सिग्नलची कॅबमध्ये आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणेतही, हेच घडायचं. सिग्नल हिरवा असेल तर घंटी, नसेल तर भोंगा, भोंग्याला ड्रायव्हरनं बटण दाबून उत्तर द्यायचं, नाही दिलं तर ब्रेक लागतो. गर्दीच्या मार्गावर पिवळ्यामागून पिवळा मिळत जातो आणि हात भोंगा बंद करायला सवयीनं जातो. पिवळ्याचा भोंगा आणि लालचा भोंगा एकच. १९८९ मध्ये पर्ली इथे ५ माणसं गेली तेव्हा लाल सिग्नलचा भोंगा असाच बंद केला गेला होता.

आणि यंत्रणा असताना लक्षाची गरज काय, याचं उत्तर वॉशिंग्टनच्या मेट्रोत मिळतं. २२ जून २००९, फोर्ट टोटनजवळ. गाडी ऑटोमॅटिक मोडवर होती. रुळावर पुढे दुसरी गाडी उभी होती, पण ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या विद्युत मंडलात, बिघाड असल्यानं यंत्रणेच्या लेखी तो रूळ मोकळा होता, म्हणून तिनं पूर्ण वेगाची परवानगी दिली. वळणापलीकडे उभी गाडी दिसताच ड्रायव्हरनं आणीबाणीचा ब्रेक लावला, तो लागलाही, पण अंतर उरलं नव्हतं. ती ड्रायव्हर आणि ८ प्रवासी गेले. त्या दिवसानंतर तिथे सगळ्या गाड्या पुन्हा हातानं चालवायला लागले, आणि अधेमधे थोडा वापर सोडला तर ऑटोमॅटिक मोड पक्का परत यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. मला या घटनेत त्या बाईंबद्दल फार वाटतं. त्या जाग्या होत्या, त्यांनी करायचं ते केलं. यंत्र चुकतं तेव्हा ते काही पूर्वसूचना देऊन चुकत नाही, आणि तेव्हा ड्रायव्हरच्या हातात दोन-चार सेकंदच असतात.

रिले_रूम

मी सिग्नल विभागात काम करतो. वरचा प्रतिसाद मनापासून लिहिला आहे, पण तो वाचून लोकांना स्वयंचलनच घातक वाटेल, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. गाडीला चुकू न देणारी संरक्षण यंत्रणा वेगळी, आणि गाडी चालवणारी यंत्रणा वेगळी. पहिलीवर शंका घेऊ नका. जपानमध्ये २६ फेब्रुवारी २००३ ला सान्यो शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनचा ड्रायव्हर ताशी २७० किलोमीटरच्या वेगात सुमारे ८ मिनिटं झोपला होता. एटीसी या आपोआप वेग आवरणाऱ्या यंत्रणेनं गाडीचा वेग उतरवून ती ओकायामा स्टेशनात, नेहमीच्या जागेच्या थोडी अलीकडे, थांबवली. कुणाला खरचटलं नाही. याच्या उलट स्पेनमध्ये सँतियागो दे कॉम्पोस्तेलाजवळ २०१३ च्या जुलैत गाडी ८० च्या वळणावर १७९ पर्यंतच्या वेगानं आली. ड्रायव्हर त्याआधी फोनवर बोलत होता, तोही गाडीतल्याच कर्मचाऱ्याशी, कामाबद्दल. वेगावर सतत पहारा ठेवणारी युरोपीय यंत्रणा त्या गाडीत बंद करून ठेवलेली होती. जवळजवळ ८० माणसं गेली. तिथला ड्रायव्हर हातानं गाडी चालवत होता, हे विसरू नका. हातात काम असलं की लक्ष आपोआप टिकतं, हे नेहमीच खरं नसतं.

दुसऱ्या पायरीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. अर्धवट राहू नये. लीलमध्ये १९८३ पासून बिनड्रायव्हरची मेट्रो धावते, पॅरिसची १४ नंबरची लाईन १९९८ पासून. जिथे फलाटावर सरकती दारं आहेत आणि रुळावर कुणी उतरू शकत नाही, तिथे माणसाला नुसतं बघत बसवण्यापेक्षा त्याला कॅबमधून मोकळं करून प्रवाशांमध्ये पाठवावं.

जुना_फूटप्लेट

संरक्षण यंत्रणा नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ती नसती तर माझे काही सोबती आज नसते. आणि तुमचं सँतियागोचं उदाहरण मला मान्य आहे, लक्ष दुसरीकडे खेचलं जाणं हा वेगळा रोग आहे आणि त्याला पहारेकरी यंत्रणाच लागते.

पण "कॅबमधून मोकळं करा" हे बंदिस्त मेट्रोला चालतं. उघड्या मार्गावर फाटकं आहेत, गुरं आहेत, रुळाकडेनं चालणारी माणसं आहेत, झाडं पडतात, भराव खचतो. त्या गाड्यांत अजून बराच काळ माणूस राहणार आणि त्याच्याभोवतीचं काम हळूहळू कमी होत जाणार. मी त्याच माणसाबद्दल बोलतो आहे. कॅबमधल्या पडद्यावर सिग्नल आला की नजर बाहेरून आत येते, हेसुद्धा लक्षात घ्या. वेगाची आकडेवारी सांभाळायला डोळे पडद्यावर, आणि समोरची काच कोपऱ्यात. ब्रिटनमध्ये कॅब-सिग्नलवर चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या नजरेचा माग घेतला तेव्हा हेच दिसलं होतं.

उशी_आणि_घड्याळ

निद्राविकारांवर काम करणारी डॉक्टर आहे. थोडक्यात लिहिते.

कामाच्या एकसुरीपणानं आलेली तंद्री आणि झोपेचं कर्ज, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, उपाय मात्र वेगळे. एकसुरी काम झोप निर्माण करत नाही, आधीपासून साठलेल्या झोपेवरचं झाकण तेवढं काढतं. म्हणून बहिणीच्या बाबतीत आधी हे विचारा: घोरते का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? पूर्ण रात्र झोपूनही सकाळी डोकं जड असतं का? वर उल्लेख झालेल्या शिन्कान्सेनच्या ड्रायव्हरला नंतर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा विकार, निघाला. न्यूयॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ ला स्पायटन डायव्हिलच्या वळणावर ४ माणसं गेली, त्या ड्रायव्हरलाही तोच, आणि आधी निदान झालेलं नव्हतं. त्यात त्याची पाळी नुकतीच दुपारवरून पहाटेवर बदलली होती. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरची वेळ, या दोन्हीत शरीर सगळ्यांचंच सैलावतं, कितीही निग्रह असला तरी.

तपासणी करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि उपचार आहेत.

निळी_वही

सगळ्यांचे आभार. काल बहिणीला सगळं वाचून दाखवलं. मॅकवर्थच्या घड्याळाबद्दल ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही." ती घोरत नाही, पण डॉक्टरांकडे जाऊन येणार आहे.

फूटप्लेटकाका, तिनं उद्यापासून कॅबमध्ये काय करावं, आणि वरिष्ठांकडे काय मागावं, ते सांगाल का? स्टेशनं आठवत नाहीत हे तिला फार लागलं आहे.

जुना_फूटप्लेट

सांगतो. उद्यापासून करता येईल ते आधी.

जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्यानं म्हणण्याची पद्धत आहे. सिग्नल दिसला की बोट त्याच्याकडे, आणि तोंडानं त्याची स्थिती. वेगमर्यादा आली की बोट पाटीकडे आणि आकडा मोठ्यानं. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये साध्या बटणांच्या कामावर चाचणी घेतली तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, त्या बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर ०.३८ वर आल्या. एकटीनं कॅबमध्ये बोलायला सुरुवातीला संकोच वाटतो. माझ्या मुलांनाही वाटायचा. पण डोळा, हात, तोंड आणि कान चौघांना एकाच गोष्टीवर आणलं की ती गोष्ट आठवणीत राहते. स्टेशन आलं की नाव म्हणायचं, फलाटाच्या टोकाकडे बोट करायचं, "कडेला कुणी नाही" किंवा "कडेला गर्दी" जे दिसेल ते म्हणायचं. फक्त एक जपा, न बघता म्हणायची सवय लागू देऊ नका. म्हणून ठराविक वाक्य पाठ करण्यापेक्षा जे दिसतं ते सांगायला तिला सांगा.

दुसरं, गाडी ब्रेक घ्यायच्या आधी स्वतः मनात ठरवायचं, मी असते तर इथे धरला असता. मग गाडी कुठे धरते ते बघायचं. आधी धरला की नंतर? रोजच्यासारखाच की आज वेगळा? यातून दोन फायदे होतात. हातातलं कसब मनात तरी चालू राहतं, आणि यंत्र नेहमीपेक्षा वेगळं वागलं तर ते सगळ्यात आधी हिच्या लक्षात येतं. फोर्ट टोटनसारख्या वेळी काही सेकंद मिळालेच तर ते यातूनच मिळतील. मी सिम्युलेटरवर शेवटी शेवटी हेच शिकवत होतो आणि पेरलेल्या अडचणी सापडायला लागल्या होत्या.

वरिष्ठांकडे जाताना "माझं लक्ष लागत नाही" असं म्हणायचं नाही. "या मोडवर लक्ष टिकवायला कामाची रचना बदलावी लागेल" असं म्हणायचं, आणि हे सगळ्या ड्रायव्हरांच्या वतीनं मांडायचं, शक्य असेल तर दोघी-चौघांनी मिळून. मागायचं काय? एक, पाळीत काही फेऱ्या हातानं चालवायला मिळाव्यात, गर्दी नसलेल्या वेळी का होईना. हात गेला की परत येत नाही, आणि यंत्र बंद पडतं त्या दिवशी वातावरण कधीच निवांत नसतं. लंडनच्या थेम्सलिंकवर २०१८ पासून शहराच्या मधल्या भागात गाडी स्वतः चालते आणि बाकीच्या मार्गावर तोच ड्रायव्हर हातानं चालवतो, त्यामुळे हे प्रत्यक्षात होऊ शकतं हे दाखवता येईल. दोन, सलग कॅबमध्ये बसण्याचा वेळ कमी करून मध्ये फलाटावरचं काम द्यावं. विश्रांतीइतकाच कामातला बदल उपयोगी पडतो. तीन, नुसतं दाबायचं बटण वाढवू नये. ऑस्ट्रेलियात डन आणि विल्यमसन या संशोधकांनी सिम्युलेटरवर पाहिलं की एकसुरी मार्गावर कामगिरी घसरते, पण मनाला थोडासा विचार करायला लावणारं काम जोडलं तर ती घसरण बरीच थांबते. तो विचार गाडीशी संबंधित असला पाहिजे. नाहीतर रिले_रूम म्हणाले त्या स्पेनच्या फोनसारखं व्हायचं.

चेहऱ्यावर नजर ठेवणारे कॅमेरे आता निघाले आहेत. क्रॉयडनमध्ये अपघातानंतर ट्राममध्ये बसवले, डोळे मिटले किंवा मान वळली की आसन थरथरतं. मला त्यांचा उपयोग वाटतो, पण एका अटीवर: त्यातून निघालेली माहिती पाळ्या सुधारायला वापरावी, ड्रायव्हरला नोटीस द्यायला नाही. नोटिशीच्या भीतीनं माणूस थकवा लपवायला शिकतो, आणि मग कुणालाच काही कळत नाही. हे ती बैठकीत आवर्जून बोलू दे.

तिची पाळी कुठल्या वेळेची असते आणि सलग किती वेळ कॅबमध्ये बसावं लागतं, ते विचारून इथे लिहा. मार्ग बोगद्यात आहे की उघड्यावर, हेही. त्याप्रमाणे अर्जाचा मजकूर आपण मिळून नीट करू.